झाडांचा ठेका लाकडावर देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीतल्या एका वर्दळीच्या रस्त्यावर गेल्या आठवड्यात 11 झाडांना तांबड्या फुल्या पडल्या. वळवाच्या वाऱ्यात एक फांदी तारांवर आली, ओरड झाली आणि पावसाळ्याच्या आत धोकादायक झाडं उतरवायचं ठरलं. मी 28 वर्षं झाडांवर चढून पोट भरतो. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना मोगरी, सळई आणि टेप घेऊन गेलो आणि ती 11 झाडं एकेक करून पाहिली. त्यातली 3 खरोखर उतरवायला हवीत आणि लवकर. 6 झाडांचं वजन हलकं केलं तर ती अजून कितीतरी पावसाळे काढतील. 2 झाडांना काहीच झालेलं नाही. शिवाय फुली नसलेली 2 झाडं मला अशी दिसली की त्यांच्याखालून जाताना माझं मलाच पाऊल भरभर उचलावंसं वाटलं. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

माझे वडील मिरजेत लाकडाच्या वखारीत करवतीवर होते. मी त्यांच्याबरोबर नाडा धरायला जायचो आणि तिथून झाडावर चढलो. लोक मला झाडवाले मामा म्हणतात. माझं शिक्षण फार नाही, पण झाड उभं असताना वरून आणि पडल्यावर आतून, असं दोन्ही बाजूंनी पाहिलेली माणसं आमच्या भागात थोडी आहेत. म्हणून हे पत्र.

फुल्या कुठे पडल्या ते पाहिलं की लगेच लक्षात येतं: ज्या झाडाला ढोली दिसते, त्याला फुली. लोकांना वाटतं, पोकळ झालं म्हणजे मेलं, आज ना उद्या पडणार. तसं नाही. झाडाचा जीव सालीखालच्या ओल्या थरात असतो. पाणी चढतं ते त्या थराच्या लगेच आत, गाभ्याभोवती असलेल्या लाकडातून. मधला गाभा बऱ्याच आधी मेलेला असतो आणि जुन्या झाडात तो कुजून मोकळा होणं हे म्हाताऱ्या माणसाचे दात पडण्याइतकं साधं आहे. सायकलची दांडी पोकळ असूनही माणसाचं वजन पेलते. प्रश्न असतो तो भिंत किती जाड उरली आहे याचा.

ती भिंत कळते. मिरजेत वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. सतारमेकर गल्लीत कारागीर भोपळा टिचकी मारून पारखतात, तशी मी बुंध्याला चारही बाजूंनी लाकडी मोगरी मारतो. भरीव लाकडाचा आवाज टणक आणि आखूड येतो, पातळ भिंतीचा ढोलासारखा घुमतो. शंका आली तर 5 मिलिमीटरचं लांब गिरमिट घालतो आणि निघणारा भुसा तळहातावर घेतो. कोरडा, पांढरट, वास असलेला भुसा म्हणजे लाकूड चांगलं. काळपट, ओला, हाताला चिखलासारखा लागला की तिथून कूज सुरू. जर्मनीतले अभ्यासक क्लाउस मॅथेक यांनी मोडलेल्या आणि टिकलेल्या शेकडो झाडांची मापं घेऊन एक ढोबळ हिशेब मांडला: बुंध्याच्या मध्यापासून सालीपर्यंतच्या अंतराचा साधारण तिसरा हिस्सा चांगलं लाकूड उरलेलं असेल, तर नुसत्या पोकळीमुळे झाड मोडण्याची भीती कमी. एका बाजूने ढोली उघडी असेल तर जास्त सांभाळावं लागतं. हिशेब ढोबळ आहे, पण डोळ्यांनी ढोली बघून फुली मारण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

एक उदाहरण देतो. मिरजेत ब्राह्मणपुरीतल्या एका जुन्या वाड्याच्या परसात चिंच आहे. वाड्यात एक आजी एकट्या राहतात. शेजाऱ्यांनी लेखी तक्रार केली होती, कारण ढोलीत माणूस उभा राहील एवढी जागा. आजी मला म्हणाल्या, "मामा, झाड पडणार असेल तर पाडा, मला कुणाच्या जिवाचं पाप नको. पण पडणार नसेल तर मला तसं सांगा, म्हणजे मी त्यांना तोंड देईन." इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. छातीएवढ्या उंचीवर बुंध्याचा घेर 14 फूट भरला. म्हणजे मध्यापासून सालीपर्यंत सुमारे 27 इंच, त्याचा तिसरा हिस्सा 9 इंच. चार ठिकाणी गिरमिट घातलं. पूर्वेला 11 इंच चांगलं लाकूड, दक्षिणेला 10, उत्तरेला 9. पश्चिमेला, जिथे ढोलीचं तोंड आहे, तिथे फक्त 4. आणि सगळ्यात लांब फांदी त्याच पश्चिमेला, शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेलेली.

मग झाड पाडायचं कशाला? ती एक फांदी टोकाकडून 8 फूट मागे घेतली, तिच्यावरच्या दोन उपफांद्या हलक्या केल्या, वाळकं सगळं काढलं. एकूण पाल्याचा पाचवा हिस्सासुद्धा काढला नाही. म्हाताऱ्या झाडाचा पाला एकदम उतरवला तर ते उपाशी मरतं, म्हणून उरलेलं काम दोन वर्षांनी केलं. ढोलीत पिंगळ्याची जोडी होती, तिला हात लावला नाही. शेजाऱ्यांना मापांचा कागद दाखवला. त्या गोष्टीला 6 वर्षं झाली. दर दोन वर्षांनी जाऊन मी तिथेच पुन्हा मोजतो.

हे काम माझ्यासह दोघांचं, दीड दिवसाचं होतं. असं काम सगळीकडे का होत नाही, याचं कारण मी स्वतः अनेक कामांवर पाहिलं आहे. ठेका लाकडावर दिला जातो. निघेल ते लाकूड ठेकेदाराने न्यायचं आणि त्या बदल्यात काम कमी पैशात करून द्यायचं. आता विचार करा. वाळक्या काटक्यांना कोण विचारतो? चिंचेचा जाड ओंडका खाटकाच्या ठोकळ्याला जातो, बाकीचं जळण वीटभट्टीला, बेकरीला. ज्याची रोजी ओंडक्यावर आहे त्याची करवत वाळक्या फांदीकडे वळणार नाही, ती जाड, जिवंत, खालच्या फांदीकडेच जाणार. ती काढायला सोपी, भरायला सोपी. मी स्वतः अशा ठेक्यांवर मजुरीने गेलो आहे. खालच्या फांद्या गेल्यामुळे झाडाचा सगळा भार शेंड्याला राहतो, वारा वरच धरतो आणि पहिल्याच वादळात मधोमध मोडतं. मग लोक म्हणतात, बघा, छाटणी करूनही पडलं, आता सगळीच काढा.

म्हणून माझी पहिली मागणी एवढीच आहे: झाडाचं काम करणाऱ्याला मजुरी द्या, झाडागणिक द्या, आणि लाकडाचा लिलाव वेगळ्या माणसाकडे वेगळा करा. दोन हात वेगळे झाले की निम्मी तोड आपोआप थांबेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

दुसरी गोष्ट मुळांची. ढोली सगळ्यांना दिसते, मुळं कुणालाच दिसत नाहीत आणि झाडं बहुतेक वेळा तिथूनच जातात. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या आवारातल्या गुलमोहराच्या फक्त तारांवरच्या फांद्या काढायला मला बोलावलं होतं. मी झाडाखाली गेलो तर बुंध्यापासून 3 फुटांवर पाइपासाठी चर खणून वर पेव्हिंग ब्लॉक बसवलेले, तेही सालीला भिडवून. चराच्या बाजूला, अगदी जमिनीलगत, खोडाला कानासारखी बुरशी चिकटलेली होती, वरून तपकिरी, चकचकीत, कडेला पांढरी, लाकडाइतकी कडक. खालच्या फरशीवर तिची कोकोसारखी पूड पडली होती. ही गॅनोडर्मा. ती बाहेर दिसते तेव्हा आतली मुळं बऱ्यापैकी खाऊन झालेली असतात. मी तिथल्या साहेबांना सांगितलं की फांद्यांचं राहू द्या, हे झाडच उतरवावं लागेल. ते म्हणाले, आदेश तारांपुरता आहे. मी तारांकडच्या फांद्या काढल्या, मजुरी घेतली आणि आलो. एका बाजूचा भार गेल्यामुळे झाड दुसऱ्या बाजूला जड झालं. दोन महिन्यांनी पावसात ते मुळासकट गेलं आणि भिंतीच्या आडोशाला भाजी घेऊन बसणाऱ्या बाईचा हात मोडला.

त्या साहेबांना मी दोष देईन, पण आधी स्वतःला देतो. मी लिहून द्यायला हवं होतं आणि ते काम करायला नको होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक झाडाचा अर्ध्या पानाचा कागद लिहितो: घेर, झुकाव, बुरशी, चर, भिंत. ऐकलं नाही तर कागदाची पोच घेतो आणि काम सोडतो. घरात यावरून बोलणी खाल्ली आहेत, पण त्या बाईला दवाखान्यात बघून आल्यावर मला दुसरं काही जमणार नाही.

आपल्याकडे मुळांवर आणखी एक घाव पडला आहे, पुराचा. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2021 मध्ये पुन्हा आलं. गावभागातली, सांगलीवाडीतली, हरिपूरकडची झाडं दिवसेंदिवस पाण्यात उभी होती. झाडाची खाणारी मुळं जमिनीच्या वरच्या हातभर थरात असतात आणि त्यांना हवा लागते. पाण्याखाली ती गुदमरतात, मग कुजतात. वर गाळाचा थर बसला की बुंध्याचं तोंडही झाकतं. पूर ओसरल्यावर झाड हिरवंच दिसतं. दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, पानं लहान येतात, आणि तोवर पुराची आठवण कुणाला नसते. नदीकाठची जी झाडं मी त्यानंतर उतरवली, त्यांच्या मुळ्या हाताने चुरगळत होत्या. तेव्हा पूररेषेतल्या सगळ्या मोठ्या झाडांची बुंध्याशी तपासणी करा, गाळ अलगद बाजूला करा. फुल्या मारायच्या असतील तर त्यानंतर मारा.

सिमेंटचंही तेच. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवायचा आदेश दिला होता. एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट. जुन्या वडाला तेवढ्याने भागत नाही, पण आपल्याकडे सव्वातीन इंचही सोडत नाहीत.

वडाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा तो चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड सगळ्यांना माहीत आहे. 2020 मध्ये लोकांनी आवाज उठवला, त्याच्यासाठी महामार्गाची आखणी बदलली आणि मला रस्त्यात पेढे वाटावेसे वाटले. जून 2022 मध्ये तो कोसळला. मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. त्या एवढ्या मोठ्या खोडाशेजारी उभं राहिल्यावर माझ्या मनात आलं की तोड थांबली तेव्हा अर्धंच काम झालं होतं. म्हातारा वड पारंब्यांवर जगतो. पारंबी जमिनीत गेली की तिचा खांब होतो आणि मूळ खोड कुजलं तरी झाड चालतं. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रचंड वडाचं मूळ खोड बुरशीमुळे 1925 मध्ये काढून टाकावं लागलं. झाड आजही पारंब्यांवर उभं आहे. आपल्या शेजारी सातारा जिल्ह्यात म्हसव्याचा वड 1882 मध्ये मोजला तेव्हा त्याच्या सगळ्या पसाऱ्याचा घेर 1587 फूट भरल्याची नोंद आहे. तो पसारा पारंब्यांनी पेलला. आणि रस्त्याकडेच्या वडांचं आपण काय करतो? पारंबी गाडीला लागते म्हणून कोयत्याने छाटतो. म्हाताऱ्याच्या हातातली काठी काढून घ्यायची आणि तो पडला की त्याच्या वयाला दोष द्यायचा. रस्त्याच्या बाजूची पारंबी बाजूला ओढून पोकळ बांबूत माती भरून तिला जमिनीपर्यंत नेता येतं. खर्च एका बांबूचा. पुढे वटपौर्णिमा आहे. बाजारात विकायला फांद्या तोडायला मला दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि मी दरवर्षी नाही म्हणतो. माझ्या बहिणींनाही सांगतो की झाडापाशी जा, फांदी घरी आणू नका.

आणखी एक कळकळीची विनंती भाविकांना. पिंपळाच्या, वडाच्या ढोलीत दिवा किंवा उदबत्ती ठेवू नका. आतलं कुजकं लाकूड वाळलं की कापसासारखं पेटतं आणि ढोली धुराड्यासारखी ओढते. बुंध्याशी कचरा पेटवणाऱ्यांनाही तेच सांगतो. मी अशी 4 झाडं आतून कोळसा झालेली उतरवली आहेत.

माझ्या हातूनही झाडं बिघडली आहेत, ते लपवत नाही. सुरुवातीला मी ढोल्यांमध्ये सिमेंट भरायचो. लोकांना ते आवडायचं, घरासारखं नीट दिसायचं. पण झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. मधे फट पडते, तिथे पाणी साचतं आणि कूज जोरात वाढते. एका देवळामागच्या पिंपळात मी भरलेला गोळा 9 वर्षांनी मीच छिन्नीने काढला. मागे हाताचा पंजा जाईल एवढं लाकूड चिखल झालं होतं. कापलेल्या जागी डांबर फासायचो, तेही असंच निरुपयोगी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे फांदी खोडाला सपाट कापायची. अमेरिकेतल्या ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड आपली जखम माणसासारखी भरून काढत नाही. ते कुजलेल्या भागाभोवती भिंत घालतं आणि पुढे नवं लाकूड वाढवतं. फांदीच्या बुडाशी एक फुगीर, सुरकुतलेलं कडं असतं. ती भिंत घालायची सोय तिथेच असते. ते कडं कापलं की झाडाचं दारच उघडं पडलं.

म्हणून फांदी तीन कापांत काढायची. आधी कड्यापासून हातभर पुढे खालून करवत घालायची, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. मग त्याच्या थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता सुटते. शेवटी उरलेला ठोंब कड्याच्या बाहेरून. दोन वर्षांनी बघा, जखमेभोवती गोल, गुळगुळीत वेटोळं चढलेलं असतं. एका घावात तोडलेल्या फांदीखाली मात्र खोडाची साल वीतभर, कधी पुरुषभर सोललेली दिसते. रस्त्याने जाताना ही खूण कुणीही ओळखू शकतो. काम करणाऱ्याला तिथेच उभं करून विचारा.

वेळही चुकते. दरवर्षी सगळी छाटणी मे महिन्यात, कारण तेव्हा पाऊस आठवतो. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांची, विशेषतः राखी धनेशाची, पिल्लं त्याच दिवसांत ढोल्यांमध्ये असतात. धनेशाची मादी तर ढोलीचं तोंड लिंपून आत बसलेली असते, नर मेला किंवा फांदी गेली तर ती आणि पिल्लं आतच संपू शकतात. हेच काम डिसेंबर-जानेवारीत केलं तर पिल्लं वाचतात आणि तपासायला निवांत वेळ मिळतो. जिथे खाली वर्दळ नाही तिथे मेलेलं झाडही सगळं काढू नका. फांद्या उतरवून 10-12 फुटांचं खोड उभं ठेवा.

कायदा या सगळ्याला आड येत नाही. शहरातल्या झाडांसाठी राज्याचा 1975 चा कायदा आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड चालवणं नाही, जाळणं किंवा कोणत्याही रीतीने इजा करणंही आलं. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आहे. आमच्या रस्त्यावरच्या 11 मधली निदान 7 झाडं त्यात बसतील. त्यांचा निकाल ब्रशवाल्या माणसाने रस्त्यावरून चालता चालता लावू नये. प्रत्येक शहराने झाडावर चढून तपासणाऱ्या चार-पाच माणसांचं पथक धरावं, त्यांना पट्टा, हेल्मेट आणि विमा द्यावा. माझ्याबरोबर काम केलेले दोघे विजेच्या तारांना लागून जिवानिशी गेले. दोघांच्याही घरी काही मिळालं नाही.

आता ती फुली नसलेली 2 झाडं. एक गुलमोहर, रस्त्याच्या उजव्या हाताला, अजून फुलावर आहे म्हणून कुणाला संशय नाही. बुंध्याला त्याच बुरशीचे तीन कान आहेत आणि मागच्या बाजूची माती मला बोटभर उचललेली दिसली. दुसरा त्याच्या पुढचा पर्जन्यवृक्ष. त्याच्या दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर आहे, तिच्यातून काळं पाणी ओघळतं आणि वारा आला की चीर उघडझाप करते. मी खाली उभा राहून ती पाहिली. जागेचा नकाशा आणि मापं मी सोमवारी संबंधित कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. बाकीच्या झाडांचं काय ते सावकाश ठरवा, मी लागेल तेव्हा फुकट येऊन मापं घेऊन देईन. पण त्या पर्जन्यवृक्षाखाली रोज संध्याकाळी भेळेची गाडी लागते, शाळा सुटल्यावर मुलं बाकांवर बसतात. गाडीवाल्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "मामा, याच्यावर फुली कुठं आहे?" ती गाडी आणि ते बाक कृपा करून आज हलवा.

आपला,
एक झाडवाला,
मिरज